घरातली मंडळी

श्रोतेहो, मराठीतला 'मंडळी' हा शब्द मोठा गमतीचा आहे. पंगतीला बसतात ती मंडळी, वऱ्हाडात येतात तीही मंडळी. आणि जुन्या वळणाचा एखादा गृहस्थ 'घरातल्या मंडळींना विचारून सांगतो' असे म्हणाला, की तो बायकोला विचारणार आहे हे आपण ओळखतो. आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांत ह्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. गावातल्या ख्रिस्ती समाजाला आम्ही मंडळी म्हणतो. इमारत ती चर्च. मंडळी म्हणजे माणसे. आणि ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या काळात ही मंडळी भरत असे ती कोणाच्या तरी घरात. इमारती पुष्कळ नंतर आल्या. पौलाची पत्रे उघडून पाहिली, तर अमक्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगा, तमक्याच्या घरी जमणाऱ्यांना सांगा, असे निरोप जागोजाग सापडतात.

आज मला बोलायचे आहे ते ह्या घरातल्या मंडळीविषयी. दहाबारा माणसांनी आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी खोलीत बसायचे, पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायचा, आणि 'ह्याचे माझ्या सोमवारी काय?' हा प्रश्न विचारायचा. रविवारचे मी म्हणत नाही. रविवारी आम्ही सगळेच बरे असतो.

मी अंबरनाथला राहतो. मुंबईहून कर्जतकडे निघालेली लोकल कल्याण सोडून विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करीत बदलापुरास जाते. एकाच रुळावरची ही तीन गावे, पण तिघांची कुंडली निराळी. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळजवळ लाखभर निर्वासितांना तिच्या बराकींत जागा मिळाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या गावाची कोनशिला बसली. अजूनही लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर चार असेच सांगतात. अंबरनाथला १०६० सालचा शिलालेख असलेले शिवमंदिर आहे आणि त्याच्या भोवती कारखान्यांचे गाव वाढले. दारूगोळ्याचा कारखाना, रसायनांचे कारखाने, पूर्वी आगपेट्यांचाही होता. आणि बदलापूर हे मुंबईत घर परवडत नाही म्हणून पुढे पुढे सरकत आलेल्या माणसांचे. पहाटेची लोकल पकडायची आणि रात्रीच्या लोकलने परतायचे. मधला दिवस कुठे गेला ते विचारू नये.

अशा ठिकाणी धर्म आणि रोजचे जगणे ह्यांची गाठ कशी पडावी? ह्या प्रश्नाला आमच्या भागातल्या लोकांनी आपापली उत्तरे शोधली आहेत. लोकलच्या डब्यात टाळ वाजवीत भजन म्हणणारे गट तुम्ही ऐकले असतील. सिंधी बांधवांचे सत्संग आहेत. आणि ठाणे-रायगड भागात नुसते 'बैठकीला जातो' म्हटले, तरी ती समर्थ बैठक हे सर्वांना कळते. तेव्हा आमच्या गुरुवारच्या गटात जगावेगळे असे काही नाही. नगर जिल्ह्यातून आलेली दोन कुटुंबे, मराठवाड्यातले एक, वसईचे एक कॅथलिक जोडपे, कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर, एक परिचारिका, पोळीभाजीचे डबे करून देणाऱ्या एक मावशी, नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम करणारा एक तरुण बिगारी, कामगार पुरवणारे एक ठेकेदार, आणि अस्मादिक. नावे सांगत नाही. सांगायची नाहीत असे आमचे आपसांत ठरलेले आहे.

आरंभी हा गट चालेना. कारण मी होतो. मी प्राध्यापक, घंटा होईपर्यंत बोलायचे हा माझा धंदा. पहिले दोन महिने मी उतारा वाचला, त्याचा काळ सांगितला, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सांगितला, आणि शेवटी 'कोणाला काही विचारायचे आहे का?' असे म्हणून घड्याळ पाहिले. कोणाला काही विचारायचे नसे. एके गुरुवारी डबेवाल्या मावशी म्हणाल्या, "सर, तुम्ही सांगता ते सगळं खरं असंल. पण मी घरी जाते तेव्हा त्यातलं काय घेऊन जाऊ? माझ्या नळाला चार दिवस पाणी नाही, आणि शेजारीण मोटर लावून सगळं वढून घेते. मी तिच्याशी भांडू का नको, तेवढं सांगा."

शिक्षक बंधुभगिनी हे ऐकत असतील तर त्यांना ह्या प्रश्नाची जात कळेल. वर्गातला हुशार मुलगा विचारतो तो प्रश्न पुस्तकातून आलेला असतो, आणि त्याचे उत्तरही पुस्तकात असते. मावशींच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पण गंमत अशी, की ते परिचारिकेपाशी होते. त्यांच्या इमारतीत हाच तंटा झाला होता. त्या रात्री तासभर नळ, मोटर, शेजारधर्म आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची ख्रिस्ताची आज्ञा ह्यांवर जे बोलणे झाले, तसे माझ्या दोन महिन्यांच्या व्याख्यानांतून झाले नव्हते. मावशी भांडल्याच. पण आधी शेजारणीच्या घरी जाऊन बसल्या, चहा घेतला, आणि मग भांडल्या. दोन्ही बायका मिळून नगरपालिकेच्या कचेरीत गेल्या असे मागाहून कळले.

तेव्हापासून आम्ही पद्धत बदलली. उतारा आळीपाळीने कोणीतरी वाचायचा, ज्याला नीट वाचता येत नाही त्यानेही. मग प्रत्येकाने एकदा बोलायचे. सर्वांचे एकदा झाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचे नाही, आणि प्राध्यापकाने सर्वांच्या शेवटी. ही शेवटची अट मावशींची.

श्रोतेहो, अशी मंडळी जमवण्याची कल्पना जुनी आहे, आणि तिचा एक उगम तर चक्क पैशाच्या वसुलीत आहे. इंग्लंडात ब्रिस्टल शहरी जॉन वेस्लीच्या मेथॉडिस्ट अनुयायांनी प्रार्थनाघर बांधले, त्याचे कर्ज झाले. १७४२ साली ते फेडण्याचा विचार निघाला, तेव्हा फॉय नावाचा एक जहाजावरचा कप्तान म्हणाला, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी हरकत घेतली, की पुष्कळ लोक इतके गरीब आहेत की त्यांना पेनीही जड आहे. कप्तान म्हणाला, सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन आणि कमी पडेल ते मी भरीन. अशी बाराबारांची वाटणी झाली. पेनी मागायला घरोघर गेले, तेव्हा त्यांना दिसले की ह्याच्या घरी दारू आहे, त्याच्या घरी नवराबायको बोलत नाहीत, तिसऱ्याकडे चूल पेटलेली नाही. रविवारी प्रार्थनाघरात हे कधी दिसले नव्हते. वेस्लीच्या ध्यानात आले, की आपल्याला हवे होते ते हेच. आणि ह्या बाराबारांच्या गटांना त्याने कायमचे रूप दिले.

आपल्याकडे भिशी चालते, बचत गट चालतात. नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला, तेव्हाही गटात वीसांहून अधिक माणसे नकोत असेच धोरण ठेवले. खेड्यातल्या भगिनींना मी काय नवीन सांगणार? महिन्याचे पन्नास-शंभर रुपये गोळा करायला बसलेल्या बायकांत कोणाच्या सुनेला त्रास होतो आणि कोणाचा मुलगा शाळा सोडून बसला आहे, हे सगळे बाहेर येते. पैसा हे निमित्त. वीस जणींत चेहरा लपत नाही.

दुसरा उगम कारखान्यातला आहे, आणि तो आमच्या गावाला जवळचा आहे. बेल्जियमचा जोझेफ कार्डाइन पाद्री होण्याचे शिक्षण घेत होता. सुटीत घरी आला तेव्हा शाळेतले जुने मित्र, जे आता गिरणीत आणि खाणीत कामाला लागले होते, ते त्याच्याशी नीट बोलेनात. तू त्यांच्या बाजूचा झालास, असा त्यांचा भाव. ते शल्य त्याने जन्मभर बाळगले. पुढे १९२५ साली त्याने तरुण ख्रिस्ती कामगारांची संघटना उभारली, आणि तिच्या लहान लहान गटांना तीन पायऱ्या शिकवल्या: आधी पाहा, मग पारखा, मग करा. कामावर काय घडते ते आधी डोळे उघडून पाहायचे. ते शुभवर्तमानाच्या कसोटीला लावायचे. आणि आठवड्याभरात हातून होईल अशी एक गोष्ट करायची. १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या परिपत्रकात ह्या तीन पायऱ्यांना मान्यता दिली. मुंबईच्या कॅथलिक धर्मप्रांतातही १९८०च्या दशकापासून गल्लीगल्लीत, इमारतीइमारतीत लहान समूह उभे राहिले. आमच्या गटातले वसईचे जोडपे त्यातच तयार झालेले. आम्हां प्रॉटेस्टंटांना 'आधी पाहा' हे त्यांनीच शिकवले, नाहीतर आम्ही वचनापासून आरंभ करून वचनापाशीच संपवत होतो.

आणि आपले नारायण वामन टिळक? त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, वीसबावीस वर्षे मिशनबरोबर काम केले, आणि १९१७ साली ती पगारी चाकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ज्याला ख्रिस्ताचा शिष्य म्हणून जगायचे आहे त्याने ह्या दरबारात यावे अशी ती कल्पना. आपल्या मातीतली, कीर्तन-भजनाच्या अंगाने चालणारी, मिशनच्या पैशावर अवलंबून नसलेली बंधुमंडळी त्यांना हवी होती. १९१९च्या मे महिन्यात टिळक वारले, आणि दरबार बाळसे धरण्याआधीच पोरका झाला. मला पुष्कळदा वाटते, टिळकांना आणखी दहा वर्षे मिळती तर मराठी मंडळीचा चेहरा निराळा होता. पण त्यांच्या घरात जे घडले ते काही कमी नव्हते. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रां'त सांगितले आहे, ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही त्यांनी आपले सोवळे कसे सांभाळले आणि पुढे ते कसे गळून पडले. ती लढाई धर्मसभेत झाली नाही. ती झाली पाण्याच्या भांड्याशी आणि चुलीशी. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण माझ्या मते त्यांचे खरे धर्मांतर स्वयंपाकघरात झाले होते.

हे बोलताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. ख्रिस्ती झाल्यावर जात गेली, असे आम्ही वेदीसमोर म्हणतो. नगर-मराठवाड्यातल्या मंडळ्यांत महार समाजातून आलेले आहेत, मांग समाजातून आलेले आहेत, क्वचित आमच्यासारखे आणखी कुठून आलेले आहेत. सोयरीक जुळवायची वेळ आली की प्रत्येकाला आपले आजोबा आठवतात. रविवारी सगळे एका बाकावर बसतात, त्याने काही सिद्ध होत नाही. लोकलमध्येही सगळे एका बाकावर बसतात. आमचा गट आळीपाळीने एकेकाच्या घरी भरतो, आणि ज्याच्या घरी भरतो त्याच्या हातचा चहा सर्वांनी घ्यायचा असतो. पहिल्या फेरीत कोणाला उपास होता, कोणाला पित्त होते. दुसऱ्या फेरीपर्यंत सगळ्यांची पित्ते बरी झाली.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळे सांगतो आहे तिकडे येतो.

एका पावसाळ्यात द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला वाचायला निघाला. मत्तयाच्या शुभवर्तमानातला. गोष्ट तुम्हांला थोडक्यात सांगतो. मळ्याचा मालक भल्या पहाटे बाजारात जातो, दिवसाची ठरलेली मजुरी कबूल करून माणसे आणतो. पुन्हा नऊ वाजता जातो, बाराला, तीनला जातो, आणि शेवटी पाच वाजताही जातो. तेव्हाही काही लोक उभे असतात. आम्हांला कोणी कामाला लावले नाही, म्हणतात. त्यांनाही तो आणतो. संध्याकाळी मजुरी वाटताना शेवटी आलेल्यांपासून आरंभ होतो, आणि तासभर काम केलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी मिळते. पहाटे आलेले कुरकुरतात.

निवृत्त फिटर कामगार चळवळीतले. ते तापले. "हा मालक उद्या पहाटे माणूस आणून दाखवील का? सगळे पाचलाच येतील." परिचारिका म्हणाल्या, पाचपर्यंत उभे राहिलेले आळशी होते असे कुठे म्हटले आहे? मावशी म्हणाल्या, "पाचला आला म्हणून त्याच्या पोरांना भूक कमी लागते काय? पीठ तेवढंच लागतं." असे बराच वेळ चालले. मी मनात माझे शेवटचे भाषण जुळवीत होतो, देवाच्या कृपेविषयी, जी हिशेबाने मिळत नाही अशी.

मग बिगारी तरुणाची पाळी आली. तो फारसा बोलत नाही. नाक्यावर सकाळी सात वाजता उभे राहायचे, दहापर्यंत कोणी नेले नाही तर दिवस गेला, हे त्याचे आयुष्य. तो म्हणाला, "मला एकच दिसलं. त्याने संध्याकाळी दिले. त्याच दिवशी. 'बिल निघू दे, मग बघू' असं नाही म्हणाला."

एवढेच. तो कोणाकडे पाहून बोलला नव्हता. बहुधा त्याला माहीतही नव्हते. पण आमच्यातल्या तिघाचौघांना माहीत होते, की ठेकेदारांची माणसे वीसपंचवीस तारखेपर्यंत पगाराची वाट पाहत असतात. मावशींचा भाचाच त्यांच्याकडे हेल्पर होता. खोलीत कोणी बोलेना. बाहेर पाऊस पडत होता, आणि ठेकेदार आपल्या चपलांकडे पाहत होते. त्या रात्री त्यांनी चहा घेतला नाही. पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही.

श्रोतेहो, लहान गटाची खरी परीक्षा असते ती इथे. शंभर माणसांच्या सभेत उपदेशकाने मजुरी थकवणाऱ्यांवर कोरडे ओढले असते, तर ठेकेदार शांतपणे ऐकून घरी गेले असते. कदाचित 'आज चांगला संदेश झाला' असेही म्हणाले असते. दहांत ते जमले नाही. पण दहांत दुसराही धोका असतो. गटाची पंचायत व्हायला वेळ लागत नाही. फिटरकाका म्हणाले, आपण सगळे मिळून त्यांना जाब विचारू. कोणी म्हणाले, ह्यापुढे त्यांना बोलवायचेच नाही. मी ह्याला कडाडून विरोध केला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला तो उगीच नाही. दहा सज्जन एकत्र बसून एकाला वाळीत टाकतात तेव्हा त्यांना आपण काही वाईट करतो आहोत असे कधीच वाटत नसते.

शेवटी फिटरकाका आणि मी त्यांच्या घरी गेलो. पगाराचा विषय काढायचा नाही असे ठरवून गेलो. तो त्यांनीच काढला. त्यांनी वही आणून पुढे ठेवली. कंपनीकडून बिल निघायला दीड-दोन महिने लागतात. माणसांनी मधे घेतलेली उचल निराळीच. बँक दारात उभे करीत नाही. "सर, मी काय खातो का त्यांचे पैसे? मलाच वेळेवर मिळत नाहीत, तर मी कुठून देऊ?" वही खरी होती. मी पाहिली. मला वाटत होते तितका हा माणूस वाईट नव्हता, आणि ह्याचे मला जरा वाईटच वाटले. कारण वाईट माणसाला उपदेश करणे सोपे असते.

पण माणसे उपाशी होती हेही खरे होते. हजाराच्या आत कामगार असतील तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत पगार झाला पाहिजे, हे १९३६च्या वेतन कायद्यातच आले होते, आणि बिल निघाले नाही ही सबब कायदा ऐकत नाही. हे मी त्यांना सांगितले. मित्र म्हणून गेलो होतो, तरी सांगितले. फिटरकाका त्यांना म्हणाले, "गुरुवारी या हो. तुम्ही नाहीत तर मला वाद घालायला कोणी उरलं नाही."

तीन आठवड्यांनी ते आले आणि दाराजवळ बसले. आपली पाळी आली तेव्हा म्हणाले, ह्या महिन्यापासून अर्धा पगार सात तारखेला देतो आहे. त्यासाठी मेव्हण्याकडून पैसे उचलले आहेत. उरलेला अर्धा बिल निघाल्यावर. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बिगारी तरुण म्हणाला, "अर्धा म्हणजे किराणा तरी भागतो." मावशी काही बोलल्या नाहीत. अर्धा पगार म्हणजे कायद्याची पूर्तता नव्हे, हे मी पुन्हा सांगितले; ते म्हणाले, माहीत आहे सर.

ह्या अनुभवानंतर आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत, त्या कोणी असा गट चालवू पाहत असेल तर उपयोगी पडतील. खोलीतले बोलणे खोलीबाहेर न्यायचे नाही, आणि मोबाइलवरच्या गटात तर नाहीच. तिथे फक्त कोणाच्या घरी आणि किती वाजता एवढे लिहायचे. दुसऱ्याच्या दोषावर बोलायचे नाही, आपल्यावर बोलायचे; बिगारी तरुणाने बाण मारला असता तर तो लागला नसता. आणि सगळेच गटात आणायचे नाही. एखाद्या बाईला घरी मारहाण होत असेल तर तिला प्रार्थनेबरोबर पोलीस ठाण्याचीही वाट दाखवायची. कोणाचे मन आजारी असेल तर डॉक्टरकडे न्यायचे. दहा भल्या माणसांचे बोलणे हे औषध नव्हे. एकदा ह्या बाबतीत आमच्याकडून उशीर झाला आहे. त्याविषयी इथे अधिक बोलत नाही.

ठेकेदार परत आल्यावर पुढचा उतारा कोणता घ्यावा, हे वसईच्या बाईंनी सुचवले. पौलाचे फिलेमोनाला पत्र. नव्या करारातले हे एक लहानसे पत्र, अवघ्या पंचवीस वचनांचे. पौल तुरुंगात आहे. अनेसिम नावाचा एक गुलाम मालकाकडून पळून त्याच्याकडे आला आहे आणि ख्रिस्ती झाला आहे. त्याला पौल मालकाकडे परत पाठवतो आणि सोबत हे पत्र देतो: ह्याला गुलाम म्हणून नव्हे, भाऊ म्हणून घे, काही देणे राहिले असेल तर ते माझ्या नावावर मांड. मालक फिलेमोन हाही ख्रिस्ती, आणि मंडळी त्याच्याच घरी जमत असे. आता गंमत पाहा. गोष्ट मालकाची आणि गुलामाची, अगदी खाजगी. पण पत्राचा मायना वाचला, तर ते एकट्या फिलेमोनाला नाही. अप्फिया नावाच्या बहिणीला, अर्खिप्पाला आणि घरात जमणाऱ्या सगळ्या मंडळीलाही आहे. म्हणजे ते सर्वांसमोर वाचले जाणार. फिलेमोन यजमान, आणि त्याच्याच खोलीत, त्याच्याच पाहुण्यांसमोर त्याला विचारले जाणार, की तुझ्या नोकराचे तू काय करणार आहेस?

पौलाने गुलामगिरीवरच घाव का घातला नाही, असे फिटरकाकांनी विचारले, आणि प्रश्न रास्त आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गुलाम बाळगणाऱ्यांनी पळालेल्यांना परत धाडण्यासाठी ह्याच पत्राचा आधार घेतला होता. पुस्तक एकच असते. ते कोणाच्या बैठकीत, कोणासमोर वाचले जाते त्यावर पुष्कळ अवलंबून असते. गुलाम ठेवणाऱ्यांच्या दिवाणखान्यात ते वाचले गेले तेव्हा ऐकणाऱ्यांत अनेसिम नव्हता. आमच्या खोलीत नाक्यावरचा बिगारी होता.

फिलेमोनाने पुढे काय केले, हे पत्रात नाही. बिगारी तरुणाला हे अजिबात आवडले नाही. तो म्हणाला, "मग गोष्ट अर्धीच राहिली." ठेकेदार पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "अर्धी तर अर्धी. सात तारखेला अर्धी."

पत्राच्या शेवटी पौल एक साधीशी विनंती करतो: मी सुटून येईन अशी आशा आहे, तेव्हा माझ्या उतरण्याची सोय करून ठेव. मी हे नेहमी शेवटचा शिष्टाचार म्हणून वाचत आलो होतो. मावशींनी तिथेच बोट ठेवले. "असं होय! म्हणजे हा सोता येऊन बघणार की, काय केलं ते."

मग चहा झाला. पुढचा गुरुवार कोणाकडे, असे विचारले तेव्हा ठेकेदार म्हणाले, माझ्याकडे ठेवा.